मुंगीकाठ

मायाक्काचा आवाज मुळातच मोठा. मेंढरांमागं वाढलेली बाई, हळू बोलायची सवय तिला लागणार कुठून? पण त्या मंगळवारी सोलापूरच्या पेठेत तिनं अशी आरोळी ठोकली की टांग्याचं घोडंसुद्धा दोन पावलं मागं सरलं.

"अवं, हिकडं या आदी! आपल्या घोंगड्या चोरीला गेल्याती!"

तिचा नवरा धुळा गाडीचे बैल सोडत होता. तो हातातली दोरी टाकून धावला. दोघं भल्या पहाटे मंद्रूपहून निघाले होते आणि गाडीत अकरा घोंगड्या होत्या. धुळानं त्या दोनदा मोजल्या.

"अकराच्या अकरा हायती की. उगं काय वरडतीस?"

"ह्या न्हवं. त्या बगा!"

विरुपाक्ष शेटच्या दुकानावर दोरीला वीसेक घोंगड्या टांगल्या होत्या. काळंभोर अंग आणि दोन्ही कडांना तीन-तीन पांढऱ्या रेघा, सारख्या अंतरावर, पेरणीच्या पाभरीनं ओढलेल्या तासांसारख्या. हा काठ मायाक्काचा होता. बापआज्यापासून मंद्रूपचे धनगर काठाला एकच जाड पट्टी घालत आले होते. घोंगडीचा काठ ताण्यातच, उभ्या धाग्यांतच, बसतो आणि ताणा लावायचं काम बायकांचं. तीन वर्षांमागं मायाक्कानं ताणा लावताना ती जाड पट्टी मोडली आणि तिच्या तीन रेघा केल्या. माग धुळा चालवायचा, पण काठ तिचा. गिऱ्हाईक बाजारात येऊन 'पाभरकाठाची द्या' म्हणायला लागलं तेव्हा मायाक्का आठ दिवस जमिनीवरून चालत नव्हती.

तिनं दुकानात शिरून एक घोंगडी ओढली, उलगडली आणि दोन बोटांत चोळली. लोकरीत कापसाचं सूत मिसळलेलं होतं. डावी कड जरा ताठ होती.

"हा हात वळसंगच्या तिप्पण्णा इनकराचा, त्येचीच डावी कड अशी ताठ असती," ती नवऱ्याला म्हणाली. "आन् शेट, काठ माजा हाय. सूत घातलंय तुमी. दोन पावसाळ्यात ही गळून जाईल आन् लोक म्हणतील मंद्रूपची मायाक्का फसवती!"

विरुपाक्ष शेट गादीवरून हललासुद्धा नाही. पान लावता लावता म्हणाला, "काठ तुझा? नाव लिहिलंय का त्यावर? अगं, रेघा त्या रेघा. रेघांना कधी मालक असतोय का?"

दुकानातली माणसं हसली. धुळा बायकोचा पदर ओढायला लागला. शेटनं पानाचा विडा तोंडात घातला आणि हातानंच खूण केली. "उलगडलीस तशी घडी घालून ठेव."

आणि मायाक्कानं घातली. आपलाच काठ, आपल्याच हातानं, चौघांच्या देखत घडी घालून त्याच्या फळीवर ठेवला. बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. मार खाल्ला असता तर बरं, असं तिला झालं.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली इसूफ मुन्शी अर्ज लिहायला बसायचा. मंद्रूपच्या निम्म्या लोकांचे कागद त्याच्याच हातचे. मायाक्कानं त्याच्यापुढं बसकण मारली आणि सगळं एका दमात सांगितलं. मुन्शीनं टाक खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"बाई, तू आज सही माणसाकडं आली. हा कायदा सोलापुरात कुणाला मालूम न्हाय. मला हाय, कारण का एका छापखानेवाल्याचा अर्ज मीच लिवलेला. देख, कलकत्त्याला सरकारचं हापिस हाय. आपण नवा नमुना काढला का त्येच्या पुऱ्या इनलेल्या मालाचा तुकडा तितं पाठवायचा. हापिसानं वहीत नोंदला का पाच वर्सं दुसरा कुणी तसला माल काढू शकत न्हाय. काढला तर खेच कोर्टात!"

"शेटला?"

"शेटला बी."

मायाक्का उठून उभी राहिली. "मग लिवा की! लिवा, पाभरकाठ!"

"बैठ, बैठ. ते न्हाय चालनार. नमुना नवा पायजे. तुझा पाभरकाठ तीन वर्सं बाजारात फिरला, सगळ्या जगानं बघितला. अर्ज पोचायच्या आदी बाहेरच्या माणसाची नजर पडली का कायदा हात वर करतो."

"म्हंजे दुसरा काढला तर?"

"काढला आन् झाकला तर."

मायाक्कानं धुळाकडं बघितलं. धुळा आभाळाकडं बघत होता. बायकोच्या डोक्यात काही शिरलं की तो आभाळाकडंच बघायचा. मुन्शीनं हौसेनं कागद पुढं ओढला. फीऐवजी आपल्या म्हातारीला एक घोंगडी दे म्हणाला आणि लिहायला लागला. मध्येच मान वर करून विचारलं, "नमुना कुणाच्या डोक्यातला?"

"माज्या!" मायाक्का म्हणाली आणि अंगठा उमटवून मोकळी झाली. नमुना अजून डोक्यात आलेलासुद्धा नव्हता. पण अंगठा मात्र उमटला.

मंद्रूपला पोचेपर्यंत गाडीत तीच बोलत होती. पुढचे चार दिवस मात्र ती गप्प झाली आणि घरातली माणसं घाबरली. भाकरी थापताना तिची बोटं पिठात रेघा ओढायची. पाचव्या दिवशी अंगणात साखरेच्या कणाला मुंग्या लागल्या होत्या. ती बघत बसली आणि बघता बघता ओरडलीच. ताण्यात एक धागा काळा, एक पांढरा, एक काळा, एक पांढरा असे लावले तर विणल्यावर बारीक ठिपक्यांची रांग चालली पाहिजे! तिनं हातभर ताणा लावून बघितला. रांग चालली, पण काळ्या अंगात हरवून गेली. दोन रांगांच्या मध्ये काहीतरी रुंद हवं होतं.

सासू फुलाबाई कोपऱ्यात बसून लोकर कातत होती. तिच्या बाजेवर एक जुनी घोंगडी होती, तिनं लेकीच्या लग्नासाठी म्हणून लावलेली, लेक वारल्यावर घरातच राहिलेली. तिला चार बोटं रुंद करडी पट्टी होती. पट्टीच्या बरोबर मधोमध दोन पांढरे धागे एकमेकांना खेटून चालले होते. असली पट्टी दुसऱ्या कुणी कधी लावली नव्हती.

"आत्याबाई, ही पट्टी घेऊ का मदी?" असं विचारायला हवं होतं. मायाक्कानं विचारलं नाही. तिला घाई होती. तिनं पट्टी मोजली, करडी लोकर पिंजली आणि दोन्ही बाजूंनी मुंग्यांच्या रांगा लावल्या. मुंगीकाठ असा जमला की तिच्या अंगावर काटा आला. फुलाबाई उठून आली, वाकून बघितलं.

"मदली पट्टी माजी हाय," ती म्हणाली.

"व्हय की."

"आन् कागदावर नाव कुणाचं?"

मायाक्कानं हातातली लोकर उगाच पिंजली. "माजं."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि परत जाऊन कातायला बसली. भांडली असती तर मायाक्काला सोपं गेलं असतं.

आता खरी पंचाईत पुढं होती. ताणा कधी घरात लागत नाही. वीस-पंचवीस हात लांब धागे गल्लीत ताणून, चिंचोक्याची खळ लावून, कुंच्यानं साफ करून उन्हात वाळवावं लागतं. गल्लीतून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस काठ बघतो, नावं ठेवतो, पोरं खालून पळतात. पाभरकाठ तिप्पण्णानं असाच तर उचलला होता. धुळा म्हणाला, "झाकायचं म्हंजे आता इहिरीत ताणायचा का?"

"रानात ताणायचा," मायाक्का म्हणाली.

पौष होता. त्यांच्या चार बिघ्यांत शाळू पुरुषभर उंच उभा होता. दोन ओळींमधली धसकटं-गवत काढून त्यांनी आत खुंट ठोकले. पहाटे अंधुक दिसायला लागलं की मायाक्का डोक्यावर खळीचं मडकं घेऊन शाळवात शिरायची, मागून फुलाबाई कुंचा घेऊन. दहिवरानं सगळं ओलं. पानांच्या कडांनी हात चिरायचे आणि चिरांत खळ गेली की आग व्हायची. दुपारपर्यंत ताणा वाळायचा नाही. वाकून वाकून म्हातारीची कंबर धरली, पण कुंचा मारताना एक धागा तिनं तुटू दिला नाही. दोघी बोलत नव्हत्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये मुंग्या आणि करडी पट्टी.

शेजारच्या रानात पाखरं हाकायला उंच माळ्यावर राखण्या बसलेला असायचा. वरून त्याला सगळं दिसलं असतं. म्हणून धुळा आपल्या माळ्यावर चढून त्याच्याकडं तोंड करून बसला आणि तीन दिवस त्याच्याशी बैलांच्या खोडींवर बोलला. चौथ्या दिवशी त्याचा घसा बसला. गावात तोवर बोभाटा झालाच, धुळाला शाळवात मोहरांचा हंडा सापडला म्हणून. लोक दार लावलेल्या घरापुढून खाकरत जायला लागले. आत मागाचा धोटा खटाखटा पळत होता आणि मायाक्का दाराला पाठ लावून बसली होती. इतकी मजा तिला लग्नातसुद्धा आली नव्हती.

पहिली घोंगडी मागावरून उतरली ती बिरदेवाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. तिथंच अडलं.

धुळा घसा बसलेला असूनही ठणकावून बोलला. "नव्या तऱ्हेची पयली घोंगडी देवाची. ती कलकत्त्याला जानार न्हाय."

"देवाला पुढच्या म्हैन्यात देऊ. सा दिवसांत दुसरी उतरंल, तिचा तुकडा टपालात पडला की..."

"जत्रंत न देता मागावर दुसरी घालतीस? माज्या बापानं केलं न्हाय, मी करनार न्हाय. धोट्याला हात लावनार न्हाय मी."

जत्रेला लांबलांबचे सगळे विणकर येणार. मंद्रूप, वळसंग, पार करमाळ्याकडचेसुद्धा. देवाच्या अंगावर घोंगडी पडली की तिप्पण्णाला दिसणार, आणि शेटच्या दुकानावर महिन्याभरात वीस मुंगीकाठ लटकणार. मायाक्का तासभर घरात फेऱ्या मारत होती. मग एकदम थांबली आणि टाळी वाजवली.

"देऊ की! घडी घालून देऊ. कापडात बांधून. देवाला का घडीतलं दिसत न्हाय?"

धुळानं विचार केला. यात खोट काढता येईना. "दिसतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माळावर ढोल कडाडत होते. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली होती, हवा पिवळी झाली होती. मायाक्का गाठोडं छातीशी धरून रांगेत उभी होती. बाजूच्या घोळक्यात तिला तिप्पण्णा दिसला. उंच, वाळका माणूस, खांद्यावर स्वतःच विणलेली सूत-मिसळ घोंगडी. तिनं गाठोडं आणखी आवळलं.

पुजारी ज्ञानबानं गाठोडं घेतलं. कापड सोडलं. मायाक्का घाईनं म्हणाली, "तसंच ठेवा, ज्ञानबातात्या. घडी ऱ्हाऊ दे."

"घडी?" ज्ञानबा सत्तरीचा, कानानं कमी आणि कामानं पक्का. "घडी मोडल्याबिगर देव पांघरतोय व्हय? चाळीस वर्सं देवाची घडी म्या मोडतोय!"

आणि त्यानं दोन्ही हातांनी घोंगडी झाडली.

उन्हात ती पसरली तेव्हा ढोलवाल्यांचे हात थांबले. काळ्या अंगाच्या कडेनं मुंग्या चालल्या होत्या, एकामागं एक, थेट टोकापर्यंत. माणसं पुढं सरकली. "आगागा!" कुणीतरी म्हणालं. "काय काठ हाय!" बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या. मायाक्काला एकाच वेळी आनंदानं नाचावंसं वाटलं आणि हंबरडा फोडावासा वाटला. तिनं तिप्पण्णाकडं बघितलं. त्याचे ओठ हलत होते. तो धागे मोजत होता.

"मोजू नगंस!" ती ओरडली. "तिप्पण्णा, मोजू नगंस म्हंते ना!"

मग तिच्या तोंडाला जे सुटलं ते थांबेना. पाभरकाठ, शेटचं दुकान, घालायला लावलेली घडी, कलकत्ता, मुंगीकाठ, शाळवातलं दहिवर, सगळं तिनं देवापुढं सांगितलं. "आता सगळ्यांनी बघितलं. कागद फुकट गेला. जावा, घाला आपापल्या मागावर!"

ज्ञानबानं कानाला हात लावून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "कलकत्ता आपल्याला ठावं न्हाय. पर हितं जमल्यात ती सगळी इननारी मान्सं हायती, आन् हितं भंडारा हाय. इचारल्याबिगर कुनी कुनाचा काठ इनायचा न्हाय, अशी शपत घेऊन भंडारा उचला. ज्येचा काठ, त्येचा सबूद."

"आन् शेट?" एकानं विचारलं.

"शेटला सोताला इनाया येतंय व्हय?" दुसरा म्हणाला आणि माळभर हशा उठला. माणसं उत्साहानं पुढं यायला लागली.

"थांबा," ज्ञानबा म्हणाला. "आदी हिनं उचलायचा. मायाक्का, हा काठ दुसऱ्या कुनाचा न्हाय, तुज्या येकटीच्या डोक्यातला हाय, असं म्हन आन् उचल."

थाळी पुढं आली. मायाक्काचा हात गेला आणि भंडाऱ्याच्या वर चार बोटं थांबला. कचेरीच्या लिंबाखाली अंगठा उमटवताना काही वाटलं नव्हतं. इथं हात खाली जाईना. लोक बघत होते. धुळा बघत होता. फुलाबाई गर्दीच्या मागं, कमरेवर हात ठेवून उभी होती, तिला तर तिथून नीट दिसतसुद्धा नव्हतं.

"मुंग्या माज्या," मायाक्का म्हणाली. तिचा तो मोठा आवाज चिरकला. "मदली पट्टी माज्या सासूची. तिनं लेकीसाटी लावली हुती. म्या न इचारता घेतली. शेटनं केलं तेच म्या केलं."

मायाक्का गर्दीत शिरली, सासूचा हात धरून तिला थाळीपाशी घेऊन आली आणि दोघींनी मिळून भंडारा उचलला. म्हातारीची मूठ घट्ट होती.

मग विणकर एकेक करून आले. करमाळ्याकडचे आले, मंद्रूपचे आले, वळसंगचे आले. तिप्पण्णा तेवढा हात मागं बांधून उभा राहिला. "म्या भंडारा उचलला तर मागावर काय घालू?" तो म्हणाला. "शेट सांगंल ते इनतो म्या. माजा काठ म्हनून कदी सांगितलं न्हाय कुनाला."

"इनू नगं कोन म्हंतंय?" मायाक्का उसळली. "इचार की! तीन वर्सं इनलास, येकदा तरी मंद्रूपला येऊन 'इनू का' म्हनलास? 'न्हाय' म्हनले असते का म्या?"

तिप्पण्णानं मागं बांधलेले हात सोडले. मग पुढं आला आणि थाळीत हात घातला. पिवळा पंजा तसाच वर धरून म्हणाला, "मग इचारतो. मुंगीकाठ इनू का?"

मायाक्काचं तोंड 'व्हय' म्हणायला उघडलं होतं. ते तिनं मिटलं. "माज्या येकटीचा न्हाय तो," ती म्हणाली. "आत्याबाईंना इचार."

सगळ्या माळानं फुलाबाईकडं माना वळवल्या. म्हातारीनं साठ वर्षं लोकर कातली होती. तिला लग्नात द्यायचं ठरलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, मेंढरं कोणत्या माळाला न्यायची ते कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या हातच्या धाग्याचं काय करायचं हे तर नाहीच नाही. तिनं पदर सावरला.

"अव्वा," तिप्पण्णा वाकून म्हणाला, "इनू का?"

फुलाबाईनं हात लांब करून त्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि तिची कड दोन बोटांत चोळली.

"ह्यात कापसाचं सूत हाय."

"शेटनं दिलेलं, अव्वा."

"माज्या पट्टीत घालशील?"

"न्हाय."

"मोट्यानं म्हन," फुलाबाई म्हणाली. "मागल्यांस्नी ऐकू गेलं न्हाय."